मार्लवाईचा दाखला

अनुसूचित जमातींतील पदवीधरांना परदेशी उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकार जी राष्ट्रीय शिष्यवृत्ती देते, तिच्या जागा वर्षाला अवघ्या २० आहेत. त्यांपैकी १७ सर्व जमातींसाठी आणि ३ विशेष दुर्बल म्हणून नोंदलेल्या आदिम जमातींसाठी. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जमातींची लोकसंख्या १० कोटींहून अधिक भरली, आणि आदिम जमाती ७५ आहेत. रायगडच्या डोंगरातला कातकरी, आदिलाबादच्या रानातला कोलाम आणि उरलेल्या ७३ जमातींचे पदवीधर, या सर्वांनी मिळून ३ जागांकडे पाहावयाचे! या जागा वाढल्या पाहिजेत, हे सांगावयास अग्रलेखाची गरज नाही. परंतु जागा वाढल्या म्हणजे प्रश्न सुटला, असे जे मानले जाते ते आम्हांस मान्य नाही.

लोकसेवेसाठी विद्यार्थी घडवावयाचा तर शिष्यवृत्तीची दोन टोके सांभाळावी लागतात. एक अर्जाचे आणि दुसरे परतीचे. बडोद्याचा इतिहास मराठी वाचकास ठाऊक आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार करून घेतला. देणाऱ्याची दृष्टी थोर होती, घेणाऱ्याची योग्यता तर जगाने पाहिली. पण १९१७ मध्ये करार पाळण्यासाठी बाबासाहेब बडोद्यास आले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत. दहा वर्षांची सेवा काही दिवसांतच आटोपली. महाराजांचा पैसा कोलंबिया विद्यापीठापर्यंत पोहोचला, पण त्यांच्याच कचेरीतील टेबलापर्यंत त्यांचा हुकूम पोहोचला नाही.

याच्या उलट उदाहरण आदिलाबाद जिल्ह्यात घडले, आणि त्याची आठवण आपल्याकडे फारशी कुणी काढीत नाही. १९४० साली जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांनी कुमराम भीम आणि त्यांच्या साथीदारांना गोळ्या घातल्या. गोंडांच्या जमिनी हातच्या जात होत्या, राखीव जंगलाच्या नावाखाली त्यांना हुसकून लावले जात होते. त्या असंतोषाचा तो शेवट. बंड मोडल्यावर सरकारला कारणे शोधण्याची बुद्धी झाली, आणि ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांच्याकडे हे काम आले. ते आणि त्यांच्या पत्नी बेट्टी मार्लवाई या गोंड खेड्यात जाऊन राहिले. त्यांना दिसून आले ते असे की, गोंडाची जमीन बंदुकीपेक्षा कागदाने अधिक जाते. पटवाऱ्याच्या वहीत काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नाही, आणि वाचून दाखविणारा त्याचा नसतो.

म्हणून १९४३ मध्ये मार्लवाईस गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षणकेंद्र निघाले. सुरुवातीला हाताशी होते ते मराठीची जुजबी अक्षरओळख असलेले मोजके गोंड तरुण. त्यांनाच आधी शिकवावयाचे आणि मग त्यांनी इतरांना, असा क्रम ठरला. गोंडी भाषेत वाचनपुस्तके तयार झाली, आणि त्या मुलखात मराठी रुळलेली असल्याने लिपी घेतली देवनागरी. (आदिलाबादचे परधान, जे गोंडांचे वंशपरंपरागत गायक, घरी मराठी बोलत आले आहेत, आंध जमातीचीही बोली मराठीच. राज्यांच्या सीमा आखणारे नकाशे या गोष्टी दाखवीत नाहीत.) येथे शिकून निघालेले तरुण गावोगावच्या शाळांवर गेले, आणि काही जण पुढे पटवारी, वनरक्षक अशा जागांवरही बसले. ज्या वहीने जमीन जात होती ती वही आपल्यातल्याच एकाच्या हाती आली! या योजनेत कोलंबिया विद्यापीठ नव्हते, पौंड नव्हते. पण शिकून झाल्यावर बसावयाची खुर्ची कोणती, हे शिकविण्याच्या आधीच ठरलेले होते.

पुढे ही गोंडी वाचनमाला मागे पडली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात आले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि २०१६ मध्ये तेलंगणात त्याचे चार जिल्हे झाले. मार्लवाई आता कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. बेट्टी १९८७ साली वारल्या, त्यांची समाधी तेथेच आहे. हायमेंडॉर्फ यांच्या अस्थीही २०१२ मध्ये तिच्या शेजारी ठेवण्यात आल्या.

आज त्या भागातील परधानाच्या किंवा आंधाच्या घरातील मुलगी घरी मराठी बोलते, तेलुगूत शाळा शिकते आणि अर्ज भरते इंग्रजीत. तेलंगण सरकारच्या आंबेडकर विद्यानिधीतून परदेशी शिक्षणास २० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, ही चांगलीच सोय आहे. परंतु त्याआधी परदेशी विद्यापीठाचा प्रवेश हवा, इंग्रजीची परीक्षा हवी, प्राध्यापकांची शिफारसपत्रे हवीत, आणि आपण हे शिक्षण कशासाठी घेणार याचे निवेदन हवे. शहरातला मुलगा हे निवेदन पैसे मोजून लिहून घेतो. त्यात मानवजातीची सेवा असते, दारिद्र्यनिर्मूलन असते, फक्त लिहिणारा नसतो. आमचे या मुलीला सांगणे असे की, तिने आपल्या आजोबांच्या सातबाऱ्याची, पहाणीपत्रकाची हकीकत लिहावी. निवड करणाऱ्यांना ती दुसरीकडे वाचावयास मिळणार नाही.

अमेरिकेने १९७५ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचे स्मारक उभारावयाचे ठरविले, तेव्हा पुतळा न उभारता लोकसेवेत जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. पुढील शिक्षणानंतर सात वर्षांत तीन वर्षे लोकसेवा केली पाहिजे, अशी तिची अट आहे. कुमराम भीम यांच्या नावे जिल्हा झाला, संग्रहालय झाले. अशीच अट असलेली आणि परतल्यावर उटनूर, जैनूरच्या कचेरीत जागा राखणारी शिष्यवृत्ती त्यांच्या नावे निघाली, तर ते स्मारक जोडेघाटच्या पुतळ्याहून उंच ठरेल.

हे सर्व किनारपट्टीवरच्या वाचकास कशाला सांगावयाचे, असे कोणी विचारील. गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. म्हणजे आरंभी सांगितलेल्या १७ जागांवर काणकोणच्या वेळीप कन्येचा आणि केप्याच्या कुणबी मुलाचाही तितकाच हक्क आहे. या जागांची जाहिरात निघते तेव्हा तिची प्रत आपल्या किती महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर लागते? मुदत संपण्याच्या आठवड्यात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत खेटे घालणाऱ्या विद्यार्थ्याने हेतुनिवेदन कधी लिहावयाचे? काणकोण, सांगे, केपे या तालुक्यांतील महाविद्यालयांनी आपल्यापैकी एकेक प्राध्यापक या कामासाठी नेमावा, पदवीच्या दुसऱ्या वर्षातच मुले हेरावीत आणि जमातीचा दाखला तेव्हाच काढून ठेवावा. यास सरकारच्या तिजोरीतून दमडीही लागत नाही. शिफारसपत्र मात्र प्राध्यापकांनी स्वतः बसून लिहावे. विद्यार्थ्याकडूनच मसुदा लिहवून घेऊन खाली सही ठोकण्याची पद्धत आता पुरे.