परतीच्या घराचा हिशेब

रमजान सुरू झाला की रायगड-रत्नागिरीतल्या मुस्लिम घरांत तरावीहनंतर फोन वाजू लागतात. कुवेत, रियाध, दोहा, दुबईहून येणाऱ्या या फोनवर खुशालीबरोबर हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: मुलांना घेऊन परत यायचे आहे, घर कुठे घ्यावे? मग ईदच्या सुट्टीवर आलेला माणूस आठ-दहा दिवसांत मुंब्रा, मीरा रोड, पनवेल, तळोजा असे फिरतो, नातेवाइकांचे सल्ले ऐकतो, एखाद्या फ्लॅटला टोकन देतो आणि परत विमानात बसतो. वीस वर्षांची कमाई आठ दिवसांत गुंतते.

घाईचे कारण समजण्यासारखे आहे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात कामे निघाली, आणि म्हसळा, श्रीवर्धन, महाड, खेड, दापोली, मंडणगड भागातली घरेच्या घरे तिकडच्या पगारावर उभी राहिली. पण तिथे राहण्याचा हक्क नोकरीला बांधलेला आहे. नोकरी संपली की व्हिसा संपतो. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या प्रत्येक आश्रितामागे दरमहा १०० रियाल शुल्क लावले आणि ते दरवर्षी वाढवत जुलै २०२० मध्ये ४०० वर नेले. बायको आणि तीन मुले असतील, तर महिन्याला १,६०० रियाल नुसते सोबत ठेवण्याचे. त्याच महिन्यात तिथला मूल्यवर्धित कर ५ टक्क्यांवरून १५ टक्के झाला. मधल्या पगाराच्या माणसाला हे झेपत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी आधी कुटुंब परत येते, कमावता माणूस मागाहून.

इथेच पहिली अडचण आहे. घर निवडणारा त्या घरात पहिली काही वर्षे राहणारच नसतो. राहणार असते त्याची बायको, शाळा-कॉलेजला जाणारी मुले आणि बहुधा म्हातारे आई-वडील. फ्लॅटचे चौरस फूट, मार्बल, पार्किंग हे सगळे फोनवर दिसते. सकाळी साडेसातला कॉलेजसाठी निघणाऱ्या मुलीला स्टेशनवर किती वेळ उभे राहावे लागेल, ते दिसत नाही.

तीन ठिकाणे, तीन दिवस

गावी बंगला बांधलेला असतोच. अनेक गावांत तो वर्षातले दहा महिने बंद असतो. पण कॉलेज, दवाखाना आणि मुलांच्या नोकऱ्या मुंबईच्या बाजूला, म्हणून लोकलच्या वाटेवरचे शहर लागते. प्रश्न येतो तो कोणते.

मुंब्रा-कौसा हे पहिले उत्तर असते. कौशात कोकणी मुस्लिमांची जुनी वस्ती आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून बाहेर पडलेली हजारो कुटुंबे इथे आली आणि खाडीकाठचे हे गाव बघता बघता शहर झाले. ठाणे दोन स्टेशनांवर आहे. मशिदी, मदरसे, उर्दू आणि इंग्रजी शाळा, नातेवाईक सगळे जवळ. कोकणात जाणाऱ्या पॅसेंजर गाड्या शेजारच्या दिव्याहून सुटतात. मात्र सीएसएमटी इथून सुमारे ४० किलोमीटर आहे आणि गर्दीच्या वेळी लोकलमध्ये पाय ठेवणे हीच कसरत. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरलेल्या लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांत माणसे दगावली. नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे देण्याची घोषणा रेल्वेने त्यानंतर केली. ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, तरी सकाळची गर्दी हटलेली नाही.

मीरा रोड पश्चिम रेल्वेवर, चर्चगेटपासून साधारण तेवढ्याच अंतरावर. पण अंधेरी, मालाड, बोरिवलीकडे नोकरी असेल तर तिथला प्रवास निम्म्यावर येतो. नयानगर ही तिथली मोठी मुस्लिम वस्ती, आणि आसपास सगळ्या समाजांची मिसळ आहे. जागेचा भाव मुंब्र्यापेक्षा चढा. आपली वस्ती म्हणजे निर्धास्तपणा, असा सल्ला नेहमी मिळतो; तो पूर्ण खरा मानता येत नाही. २१ जानेवारी २०२४ च्या रात्री याच नयानगर भागात हाणामारी झाली आणि दोनच दिवसांत महापालिकेचे बुलडोझर तिथल्या अनधिकृत दुकानांपुढे उभे राहिले.

तिसरे पनवेल आणि त्याला लागून तळोजा. कोकणातल्या माणसाला पनवेल परके नाही. मुंबई-गोवा महामार्ग पळस्प्याहून फुटतो, कोकण रेल्वेच्या गाड्या इथे थांबतात, एसटी आहेच. गावी आई आजारी पडली तर इथून सकाळी निघून दुपारपर्यंत पोचता येते. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावते आणि तळोज्याच्या वसाहती तिच्यामुळे हार्बर रेल्वेला जोडल्या गेल्या. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. बिल्डरांच्या जाहिराती या तीन गोष्टींवरच चालतात. पण पनवेल ते सीएसएमटी लोकलला जवळजवळ ८० मिनिटे लागतात, ती कमी झालेली नाहीत. अटल सेतू मोटारवाल्याचा, तोही टोल भरून. तळोज्याला औद्योगिक वसाहतीचा वास आणि कासाडी नदीचे प्रदूषण हा जुना तक्रारीचा विषय आहे. उन्हाळ्यात टँकर किती येतात, हे मार्च-एप्रिलमध्ये इमारतीच्या वॉचमनला विचारावे. ब्रोकरला विचारून उपयोग नाही.

अंतराचा खरा अर्थ रमजानमध्ये कळतो. इफ्तारची वेळ पावणेसातच्या सुमारास असेल, तर सहाला फोर्टमधून निघालेल्या माणसाचा रोजा कुर्ला-घाटकोपरच्या दरम्यान सुटतो. डब्यात खजुराची पिशवी फिरते, शेजारचा प्रवासी पाण्याची बाटली पुढे करतो, उभ्याने दोन घोट होतात. ही मुंबईची चांगली बाजू आहे आणि सर्व धर्मांच्या प्रवाशांनी ती पाहिलेली आहे. पण घरच्या दस्तरखानावर वडिलांची जागा महिनाभर रिकामी असते. आखातात रमजानमध्ये कामाचे तास कमी असतात; संध्याकाळी बाप घरी असण्याची सवय झालेल्या मुलांना हा बदल सर्वांत आधी जाणवतो.

रोखीचे घर, कच्चे कागद

दुसरी अडचण कागदांची. व्याज टाळण्यासाठी अनेक मुस्लिम कुटुंबे गृहकर्ज घेत नाहीत, साठवलेल्या पैशातून पूर्ण रक्कम भरतात. श्रद्धेचा हा निर्णय आदराचाच आहे. त्याचा एक परिणाम मात्र फारसा बोलला जात नाही. कर्ज देताना बँकेचा वकील जमिनीचा जुना इतिहास, परवानग्या, मंजूर नकाशा तपासतो. रोखीने घेणाऱ्यासाठी हे कोणी करत नाही. ज्या इमारतीला बँका कर्ज देत नाहीत, तिथला फ्लॅट स्वस्त मिळतो, आणि तो घेण्याची ऐपत रोख पैसेवाल्याचीच असते. अशा प्रकारे सर्वांत कष्टाचा पैसा सर्वांत कच्च्या इमारतीत जाऊन पडतो.

कच्ची इमारत म्हणजे काय, ते ठाणे जिल्ह्याने पाहिले आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ जण दगावले. महारेराचा नोंदणी क्रमांक आहे, एवढ्यावर विसंबणेही पुरेसे नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ही नोंदणी मिळवल्याचे उघड झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांत राहणाऱ्यांनी पैसे प्रामाणिकपणेच भरले होते, आणि ते सगळ्या धर्मांचे होते.

उपाय साधा आहे. कर्ज घ्यायचे नसले तरी बँक जी तपासणी करते ती स्वतःचा वकील लावून करून घ्यावी. बिनशेती परवाना, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, हे कागद महापालिकेत जाऊन पडताळावेत. बिल्डरने दिलेल्या झेरॉक्सवर भागवू नये. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. अनिवासी भारतीयाला राहते घर घ्यायला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही, शेतजमीन आणि फार्महाउस मात्र घेता येत नाही. कर्जतजवळचा ‘फार्म प्लॉट’ खपवणारे एजंट हे सांगत नाहीत. पैसे बँकेतूनच द्यावेत. परतल्यावर अनिवासी खाते निवासी करून घ्यावे लागते, हेही आधीच ध्यानात ठेवलेले बरे.

शाळेचे वर्ष

तिसरा हिशेब मुलांच्या इयत्तेचा. वैद्यकीय प्रवेशात राज्याच्या कोट्यासाठी, काही अपवाद सोडले तर, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावे लागते. मुलीला डॉक्टर व्हायचे असेल तर ‘दहावी तिकडेच होऊ दे, मग येऊ’ हा बेत तिच्या अंगाशी येऊ शकतो. राज्यात २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. आखातातल्या भारतीय शाळांत हिंदी-इंग्रजीवर वाढलेली मुले घरी कोकणी बोली सुरेख बोलतात, पण मराठीचा परिच्छेद लिहिताना अडतात. पाचवी-सहावीला आलेले मूल वर्षभरात सावरते. नववीला आलेल्याला जड जाते. म्हणजे शहराआधी वर्ष ठरवायला हवे, आणि शहर ठरवताना घरापासून चालत जाता येईल अशी शाळा आधी, मॉल नंतर.

नकाशा कोण आखतो?

इथपर्यंतचा हिशेब कोणत्याही धर्माच्या परतणाऱ्या कुटुंबाचा असू शकतो. पुढचा नाही. ठाणे, डोंबिवली, खारघर, बोरिवलीत नोकरीजवळ, शाळेजवळ, पक्क्या कागदांची आणि पुरेशा पाण्याची घरे असतात. फोनवर भाव जुळतो, आणि आडनाव सांगितले की फ्लॅट ‘कालच गेला’ असतो. कुठे ‘सोसायटी शाकाहारी आहे’ असे ऐकू येते, कुठे ‘मालकाचा विचार बदलला’. लेखी काहीच नसते, त्यामुळे दाद कशाविरुद्ध मागायची हेच कळत नाही. सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले होते की असुरक्षिततेपोटी मुस्लिम एकगठ्ठा वस्त्यांकडे ढकलले जात आहेत आणि घर नाकारले जाणे हे त्यामागचे एक कारण आहे.

कायदा याबाबत अगदी मुका नाही. सहकारी सोसायटीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. नाकारले तर उपनिबंधकांकडे जाता येते. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट विकायला सोसायटीचा ना हरकत दाखलाही लागत नाही. पण घर शोधणारा माणूस खटला लढायला आलेला नसतो. त्याची सुट्टी आठ दिवसांची असते. तो मुंब्र्याला परत फिरतो आणि लोक म्हणतात, यांना वेगळेच राहायचे असते.

काहींना आपल्या माणसांत राहायचे असतेही, आणि त्यात गैर काही नाही. मशीद चालत जाण्याजोगी असावी, म्हाताऱ्या वडिलांना तरावीहला जाता यावे, जवळ कब्रस्तान असावे, या इच्छा मंदिर, देरासर किंवा चर्च जवळ हवे म्हणणाऱ्यांपेक्षा वेगळ्या नाहीत. फरक निवडीचा आहे. पाच शहरांतून मुंब्रा निवडणे आणि चार दारे बंद झाल्यावर मुंब्र्यात पोचणे यांचा पत्ता एकच असला, तरी त्या घरातल्या माणसांना तो फरक रोज कळतो. दुसऱ्या प्रकारात भाव, पाणी, कागद यांवर घासाघीस करायची ताकद उरत नाही, कारण गिऱ्हाइकाला दुसरीकडे जागा नाही हे बिल्डरला पक्के ठाऊक असते.

परतणाऱ्या कुटुंबाने या ईदला घरे पाहण्याआधी कागद घेऊन बसावे. रोज बाहेर कोण जाणार, कुठे आणि किती वाजता, हे आधी लिहावे. मुलांच्या इयत्ता लिहाव्यात. मग त्या मुलीने किंवा मुलाने सोमवारच्या सकाळी त्या स्टेशनावरून एकदा प्रवास करून पाहावा. शक्य असेल तर वर्षभर भाड्याने राहावे आणि एक पावसाळा, एक उन्हाळा पाहून मगच विकत घ्यावे. घराचा अंतिम शब्द तिथे राहणाऱ्या बाईचा असावा, मस्कतहून पैसे पाठवणाऱ्याचा नव्हे.

आणि सोसायट्यांच्या कमिट्यांमध्ये बसणाऱ्यांपुढेही एखादा अर्ज येईल. त्यावर नाव अन्सारी, परकार किंवा मुकादम असे असेल. अर्जदाराची कागदपत्रे आणि देखभाल खर्च भरण्याची तयारी बघून निर्णय घ्यावा, जसा इतर कोणाच्याही अर्जावर घेतला जातो.