दारातले प्रेक्षक

ऑगस्ट २०२५ मध्ये बाळ कर्वे गेले, आणि त्यांच्या गुंड्याभाऊची आठवण काढताना अनेकांनी एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत सांगितली : त्या काळी सारे कुटुंब एकत्र बसून हसत असे. कर्व्यांविषयीच्या आदरात मीही सहभागी आहे. तक्रार आहे ती त्या ‘साऱ्या कुटुंबा’विषयी.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. याकूब सईद आणि बबन प्रभू यांचा ‘हास परिहास’, नंतर ‘गजरा’, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांची ‘चिमणराव’ मालिका, असा हा प्रवास आहे. वाहिनी एकच होती. तेव्हा एकत्र पाहणे ही कुटुंबव्यवस्थेची थोरवी होती असे म्हणण्यापेक्षा ती संचांची टंचाई होती, असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

परळच्या आमच्या चाळीत मजल्यावर एकच संच होता. घरमालक पलंगावर, त्यांचे पाहुणे खुर्च्यांवर, त्यांच्या ओळखीची मुले सतरंजीवर. घरातल्या बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी अर्ध्या डोळ्याने पाहत आणि ऐन रंगात आलेल्या प्रसंगी कुकरची शिटी झाली की आत जात. आम्ही गॅलरीच्या टोकाच्या खोलीतली मुले दारात, चपलांच्या ढिगाशेजारी. कार्यक्रमात व्यत्यय आल्याची पाटी लागली की पहिल्यांदा आम्हालाच घरी जायला सांगत. ही बैठक कोणी ठरवलेली नव्हती, पण तीत चूक कधी झाली नाही.

त्या खोलीत हसू दोन प्रकारचे उठत असे. पलंगावरचे हसू शब्दाला होते. चिमणरावांची भित्री भिडस्त कारकुनी, त्यांची काऊ, मोरू आणि मैना, हे सारे त्यांच्या घरातलेच होते; ते स्वतःला हसत होते. आम्ही हसायचो गुंड्याभाऊच्या देहाला, त्याच्या सोट्याला, आणि शेजारी प्रभावळकरांची ती किडकिडीत, दचकून उभी राहणारी आकृती असे तिला. त्यांची पुणेरी बोली आमच्या घरची नव्हती. कित्येकदा आतले हसले म्हणून आम्ही हसलो, आणि कशाला हसलो ते गॅलरीत परत जाताना एकमेकांना विचारले.

पुढे एम.ए.च्या वर्गात चिं. वि. जोशींचे ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ (१९३२) हाती आले तेव्हा राहिलेले हसू वसूल झाले. चिं. वि. हे बडोद्याचे पालीचे पंडित. त्यांच्या विनोदाची सारी मदार निवेदनावर आहे : चिमणराव स्वतःची कहाणी स्वतःच सांगतात आणि आपण हास्यास्पद होत आहोत हे त्यांना कळत नाही, वाचकाला कळते. पडद्यावर हा निवेदक माणूस होऊन समोर उभा राहतो. वाक्यातला उपरोध मग चेहऱ्याला पेलावा लागतो. प्रभावळकरांचे मोठेपण मला इथे दिसते. चिमणरावांना आपल्या फजितीची शुद्ध नाही, हे ते डोळ्यांत शाबूत ठेवत. (१९४०च्या ‘लग्न पहावं करून’ या चित्रपटात दामूअण्णा मालवणकरांनी हीच भूमिका केली होती. तिघांची तुलना हा एखाद्या विद्यार्थ्याने घ्यावा असा विषय आहे.)

पण तुलना करायची कशाच्या आधारे? टेप महाग होत्या, म्हणून त्या पुसून पुन्हा वापरण्याची रीत बीबीसीसकट अनेक ठिकाणी होती. दूरदर्शनही तिला अपवाद नव्हते. पुस्तक ग्रंथालयात आहे, मालिकेचे तसे नाही. जिथे संहिता उरत नाही तिथे समीक्षेची जागा स्मरणरंजन घेते, आणि आठवणी लिहितात ते बहुधा पलंगावर बसलेले. उंबऱ्यातल्या बाईला कोणता प्रसंग अर्धाच आठवतो, हे कोणी विचारलेले मला तरी ठाऊक नाही. ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. मराठीच्या विभागांनी विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रक देऊन त्यांच्याकडे पाठवावे. दर वर्षी त्याच चार कादंबऱ्यांवर प्रबंध लिहून घेण्यापेक्षा ते बरे.

माझी नोंद देऊन ठेवतो. वडील गिरणीत दुसऱ्या पाळीला असत, त्यामुळे ‘चिमणराव’ त्यांनी पाहिलेच नाही. सुटीच्या दिवशी दुपारी मी लाटणे हाती घेऊन, पोटाला उशी बांधून त्यांना गुंड्याभाऊ करून दाखवी. गोष्ट मला नीट कळलेली नसे, म्हणून मधले दुवे मी पदरचे घाली. आई भाकऱ्या थापता थापता लाटणे परत मागे, आणि वडील म्हणत, थांब, त्याचं पुरं होऊ दे.