मेलेला शाहीर आणि जिवंत मवाली

"रॅप म्हणजे काय हो मास्तर? गळा नाही म्हणून केलेली बडबड!" आमच्या शेजारच्या एका सद्गृहस्थांनी मध्यंतरी चहाचा पेला खाली ठेवता ठेवता हा निकाल दिला. गृहस्थ रसिक आहेत. एक मेच्या सकाळी अमर शेखांचा आवाज लावून बसतात आणि त्यांचे डोळे खरोखर पाणावतात. त्यांचा निकाल पुरा होतो न होतो तोच वहिनींनी शंकरपाळ्यांची बशी पुढे केली आणि पुस्ती जोडली, "आणि भाऊजी, ती मुलं दिसतात तरी कशी! उलट्या टोप्या काय, गळ्यात साखळ्या काय! अगदी मवाली!"

मी शंकरपाळी खाल्ली आणि गप्प बसलो. गप्प बसण्यास माझे एक कारण होते. ते पुढे सांगेन, कारण त्यात माझीच लाज आहे. पण तेथे जे उत्तर द्यायला हवे होते ते येथे देतो. दिवाळीच्या फराळात एखादी मिरची निघाली म्हणून कुणी रागावू नये.

प्रथम हे गाणे कोठून आले ते पाहू. या कलेच्या जन्माची तारीखच काय, घराचा क्रमांकही सांगता येतो. तारीख ११ ऑगस्ट १९७३. गाव न्यूयॉर्क, भाग ब्राँक्स, सेज्विक ॲव्हेन्यू, इमारत क्रमांक १५२०. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा उघडण्यापूर्वी नवे कपडे हवे होते आणि त्यासाठी पैसे उभे करायचे होते. तिने इमारतीच्या सामाईक दालनात नाचाचा कार्यक्रम ठेवला. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तबकड्या वाजवायला थोरला भाऊ क्लाइव्ह याला बसवले. बाराव्या वर्षी जमेकाहून आलेले हे पोर पुढे डीजे कूल हर्क या नावाने जगाला ठाऊक झाले. जगभर गाजलेली एक कला शाळेच्या कपड्यांच्या विवंचनेतून निघाली, हे वाचले तेव्हा मला मास्तर म्हणून फार बरे वाटले. आमच्या वर्गात जूनमध्ये हीच विवंचना असते. तिच्यातून अजून काही निघालेले नाही इतकेच.

त्या क्लाइव्हने केले काय? त्याच्या लक्षात आले होते की गाणे थांबून नुसता ताल बोलू लागला की नाचणाऱ्यांच्या अंगात येते. तमाशा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ढोलकी आणि हलगी एकमेकींशी भांडू लागल्या की पागोटी उडतात. पण तबकडीवर तो तुकडा पुरता अर्धा मिनिटही नसे. म्हणून क्लाइव्हने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू, तोवर पहिली मागे फिरवलेली. चार निमिषांचा ताल असा घटकाभर लांबला. त्यावर कोक ला रॉक नावाचा त्याचा मित्र ध्वनिक्षेपकातून जमलेल्यांची नावे घेत यमके जुळवू लागला. रॅपचे बीज ते हे.

आणि हे सारे ब्राँक्समध्येच का घडले? नगररचनेचे सर्वाधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी १९४८ ते १९६३ या काळात त्या भागाच्या पोटातून मोठा हमरस्ता काढला. हजारो कुटुंबे उठली. ज्यांना जाणे परवडले ते गेले, उरले ते काळे आणि पोर्तो रिकोकडचे गरीब. मग घरांची किंमत उतरली, आणि विम्याच्या पैशासाठी कित्येक मालकांनी आपल्याच इमारतींना आगी लावल्या. सत्तरीच्या दशकात ब्राँक्स अक्षरशः जळत होते. १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या पाच सोबत्यांच्या 'द मेसेज' या गाण्यात प्रथमच उंदीर, झुरळे, कर्ज आणि चिरडीला आलेला माणूस असे सगळे चव्हाट्यावर आले, आणि नाचायला आलेली मंडळी उभी राहून ऐकू लागली. त्याच १९८२ च्या १८ जानेवारीला आमच्या परळ-लालबागचे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. दोन गावांत समुद्र आडवा होता, पण गाऱ्हाणे एकच होते.

"असेल हो, पण ते परदेशी!" हा आमच्या गृहस्थांचा दुसरा आक्षेप. मग पेटी कुठली? सत्यनारायणापासून नाट्यसंगीतापर्यंत जिच्यावाचून आपले पान हलत नाही ती पेटी युरोपातून आली. १९४० साली रेडिओने तिला परकी म्हणून बाहेर काढले. तिला पुन्हा दार उघडायला १९७१ साल उजाडले. सुनीत केशवसुतांनी इंग्रजीतून आणले, गझल माधव जूलियनांनी फारशीतून. मी ज्या कादंबऱ्या लिहितो तो प्रकार तरी काय देहू-आळंदीत उपजला? परक्या घरची सून दुसऱ्या पिढीत घरची आजी होते. रॅपलाच तेवढा जन्मदाखला का मागावा?

बरे, तो इतका परका आहे काय? अठराव्या शतकातल्या अमृतरायांचे कटाव ज्यांनी कीर्तनात ऐकले आहेत त्यांनी सांगावे. श्वास न घेता, यमकामागून यमक आणि अनुप्रासामागून अनुप्रास, नदीला पूर यावा तसा शब्दांचा लोंढा, आणि खाली ताल. कटाव गात नाहीत, म्हणतात. रॅपही म्हणतात. दोन फड समोरासमोर बसवून रात्रभर सवाल-जवाब चालतात तो कलगी-तुरा. कलगीवाले शक्तीला थोर मानणार, तुरेवाले शिवाला, आणि जो जागच्या जागी जोड रचून समोरच्याला गप्प करील त्याचा फेटा उंच. आमच्या स्थानकापलीकडे धारावीत पोरे वर्तुळ करून उभी राहतात, एकजण तोंडानेच ढोलकी वाजवतो आणि बाकीचे पाळीपाळीने एकमेकांची बिनपाण्याने करतात. त्याला ती 'सायफर' म्हणतात. नाव इंग्रजी आहे एवढ्यावर आपण नाक मुरडावे, आणि आपल्याच कलगी-तुऱ्याचा फड अखेर कधी पाहिला हे आठवू नये?

पण वादाचे खरे मूळ इथे नाही. मराठी मध्यमवर्गाला शाहीर आवडतो तो मेल्यावर. रामजोशी सोलापुरातल्या ब्राह्मणाच्या घरचा, तमाशाच्या नादी लागला म्हणून थोरल्या भावाने घराबाहेर काढला. १९४७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला तेव्हा त्याच भावाच्या जातीची मंडळी रांगा लावून उभी होती. अण्णा भाऊ साठे वाटेगावाहून पायी मुंबईला आले. माटुंगा लेबर कॅम्पात राहिले, आमच्या शीवपासून चालत पाव तासाचा रस्ता, धारावीला चिकटून. तेथे त्यांनी आरंभी रचना केली ती कॅम्पातल्या डासांवर. डासांवर! आज एखाद्या पोराने धारावीच्या डासांवर रॅप केला तर आमचे गृहस्थ म्हणतील, हा काय काव्याचा विषय झाला? पुढे १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. मुंबई सरकारने त्यांच्या लोकनाट्यावर बंदी घातली. १९६९ साली ते विपन्नावस्थेत गेले. त्यानंतर मात्र आपल्याला कंठ फुटला. २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांच्या पुतळ्याचे अनावरण करायला राज्याचे उपमुख्यमंत्री मॉस्कोपर्यंत गेले. उत्तम झाले. पण अवघ्या सात महिन्यांनी, एप्रिल २०२३ मध्ये, राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी तरुणांवर राज्यकर्त्यांविरुद्ध रॅप म्हटल्याबद्दल गुन्हे दाखल झाले. मॉस्कोत हार आणि इथे ठाण्यात जबाब! त्यांचे शब्द कडक होते, कबूल. अमर शेखांचे काय गुळचट होते?

आता या जिवंत मवाल्यांकडे वळू. 'मवाली' हे नाव वहिनींनी ठेवण्यापूर्वीच त्यांतल्या एकाने स्वतःहून घेतले आहे. तो एमसी मवाली 'स्वदेसी' नावाच्या जथ्यात आहे. या जथ्याने २०१९ साली 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. आरेच्या जंगलात मेट्रोची कारशेड व्हायची होती, तेव्हा तिथल्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर या वारली गृहस्थांना त्यांनी सोबत घेतले आणि रॅपच्या मध्यभागी वारल्यांचा स्वर ठेवला. त्याच वर्षी ऑक्टोबरात रात्रीतून आरेतली झाडे पडली, दोन हजारांवर. गाण्याने झाड वाचले नाही. पण किती प्रतिष्ठित मराठी कवींनी त्या आठवड्यात एक ओळ तरी लिहिली, हे मोजायला माझ्या एका हाताची बोटे पुरतात. याच जथ्यातला सौरभ अभ्यंकर अमरावतीचा. वऱ्हाडी ठसक्यात म्हणतो. आणि तोडफोड या नावाने गुजरातीत रॅप म्हणणारा धर्मेश परमार २० मार्च २०२२ रोजी वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला.

धारावीचे 'डोपअडेलिक्स' पाहा. त्यात तमिळ घरची पोरे आहेत. पोलिसी जाचावर त्यांनी गाणे केले त्याचे नाव 'आई शप्पथ साहेब मी नव्हतो'. हिंदी त्यांना येते, तमिळ घरची आहे. पण हवालदारापुढे उभे राहिल्यावर या शहरात तोंडातून जी भाषा निघते ती त्यांनी बरोबर ओळखली. मराठीच्या कैवाऱ्यांनो, दुकानाच्या पाट्या मोजून झाल्या असतील तर हेही मोजा. तमिळ आईची मुले आपण होऊन मराठीत रचतात, आणि आपली नातवंडे 'चकली'ला काय म्हणतात ते मी सांगत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मोटारी, सोन्याच्या साखळ्या, बायकांविषयी गलिच्छ बोलणे, 'मीच राजा, मीच बाप' असला पोकळ डौल, हा माल रॅपमध्ये ढिगाने आहे. अमेरिकेत आहे, पंजाबात आहे, आपल्याकडेही आला आहे. तो मला आवडत नाही. माझ्या मुलीने ऐकलेला तर मुळीच नाही. पण गंमत अशी की तुमच्या लग्नाच्या वरातीत जो वाजतो तो नेमका हाच! तिथे काका-मामा नाचतात. जो गाणारा नळाचे, भाड्याचे, जातीचे बोलतो त्याला मात्र मांडवात जागा नाही. २०१९ साली 'गली बॉय' चित्रपट आला, तेव्हा तेरा फिल्मफेअर मिळाली म्हणून आपण टाळ्या वाजवल्या, कारण धारावीतली गरिबी पडद्यावर होती आणि बसायला गार खुर्ची होती. आणि शिव्यांचे म्हणाल, तर तुकोबांच्या गाथेतले काही अभंग वर्गात वाचताना आम्ही मास्तर मंडळी मध्येच खोकतो, हे गुपित आज फोडतो.

आता माझ्या गप्प बसण्याचे कारण. मी ज्या शाळेत शिकवतो तिचे नाव घेत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये स्नेहसंमेलनाची निवड चालली होती आणि मी निवडसमितीत होतो. आठवीतला एक मुलगा आला. धारावीतला, पोटमाळ्यावर राहणारा. मार्चपासून तिथे पुनर्विकासाचे सर्वेक्षण सुरू झाले होते, दारादारावर क्रमांक पडत होते. त्याने चौकशीवहीच्या पाठकोऱ्या कागदावर रॅप लिहून आणला होता. विषय असा की शाळेत मला एक हजेरी क्रमांक आहे, आता दारालाही एक आहे. शाळेत क्रमांक पुकारला की मी 'हजर' म्हणतो, दारातला क्रमांक पुकारतील तेव्हा मी कुठे हजर असेन? पोटमाळ्यावरचा माणूस पात्र की अपात्र, हे गणित गुरुजी शिकवाल का? 'गुरुजी' म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिले.

समितीत शांतता पसरली. मग एक बाई म्हणाल्या की पाहुणे येणार आहेत. दुसरे म्हणाले, यात राजकारण आहे. आणि मी, ज्याने त्याच वर्षी एक ऑगस्टला अण्णा भाऊंच्या जयंतीचे भाषण ठोकले होते, मी म्हणालो, "बाळ, आवाज छान आहे तुझा. तू पोवाडा म्हण." त्याच एक ऑगस्टला शीवचा १९१२ सालचा जुना पूल वाहतुकीस बंद झाला होता. पलीकडची मुले लांबचा वळसा घालून शाळेत येत होती, आणि आम्ही त्यांना वेळेवर येण्याविषयी सूचना लिहून देत होतो.

मुलाने पोवाडा म्हटला. भाड्याचा फेटा त्याला मोठा होत होता, तो एका हाताने सावरीत म्हटला. अफझलखानाचा कोथळा बाहेर आला तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचे शेजारी पहिल्या रांगेत होते, "याला म्हणतात शाहिरी!" असे ते मला म्हणाले. कार्यक्रम संपल्यावर मुलाने फेटा घडी करून माझ्या हातात दिला आणि विचारले, "सर, माझा कागद तुमच्याकडे आहे ना?"

कागद माझ्याकडे आहे. टेबलाच्या खणात, तपासलेल्या निबंधांखाली. मुलगा आता वरच्या वर्गात आहे, आवाज फुटला आहे, माझ्याशी फारसा बोलत नाही. यंदाच्या संमेलनाची कच्ची यादी मी केली असून तिसऱ्या क्रमांकावर 'रॅप, स्वरचित' असे लिहून त्यापुढे त्याचे नाव घातले आहे. त्याला अजून विचारलेले नाही. यादी सुट्टीनंतर मुख्याध्यापकांकडे जाईल.