गाडी आधी खालून बघावी

दसऱ्याला आमच्या सोसायटीत गाड्यांची पूजा एकत्र होते. भांडुप पश्चिमेला टेंभीपाड्यात सात मजल्यांची इमारत, स्टिल्टमध्ये १९ गाड्या. त्यातल्या काही एकीमागे एक लावलेल्या, म्हणून पहाटे निघणाऱ्याने मागच्याला उठवायचं, हा इथला नेमच आहे. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. नारळ फुटला, आपट्याची पानं वाटून झाली की कुणी घरी जात नाही. खुर्च्या निघतात, चहा येतो आणि गप्पा गाड्यांवर येतात.

या वेळी चौथ्या मजल्यावरच्या अकरावीतल्या मुलाने टूम काढली. प्रत्येकाने दोन गाड्यांची नावं सांगायची, आहे ती आणि हवी ती. देवगडच्या सावंतांकडे अर्टिगा आहे. गणपतीला सात माणसं, वर कॅरिअरवर मखर आणि मांडीवर फुलांच्या पिशव्या घेऊन ती दरवर्षी कशेडी घाट चढते. त्यांना हवी फॉर्च्युनर. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पन्नाशीला लायसन्स काढून ऑल्टो घेतली, त्यांना हवी थार, तीही लाल. एका आजोबांना अजून जुनी टाटा सिएरा हवी आहे, मागच्या वाकलेल्या काचांची. मुलांची स्वप्नं पोर्शा, सुप्रा, जीटीआर अशी, आणि प्रत्येक नावाबरोबर किती हॉर्सपॉवर, शून्यावरून शंभरला किती सेकंदात, हे तोंडपाठ. ऐकताना मला खरंच आनंद झाला. ज्या वस्तीत मी लहानपणी गाड्या मोजायला आग्रा रोडवर जाऊन उभा राहायचो, तिथल्या मुलांनी जगातली कुठलीही गाडी आपली मानावी, यात वाईट काही नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "आहे ती वॅगन आर, हवी ती प्रीमियर पद्मिनी."

"ती टॅक्सी?" मुलाने विचारलं. त्याने चेष्टा केली नव्हती, त्याला खरंच कळत नव्हतं. मला त्याला तिथे जे नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहितो आहे.

माझे बाबा राजापूरजवळच्या गावातून १९६६ साली मुंबईत आले आणि भांडुपच्या सिएट टायरच्या कारखान्यात लागले. निवृत्त होईपर्यंत तिथेच, बराच काळ क्युअरिंगला. तिथे काय होतं ते त्यांनी मला ताटातल्या भाकरीवर बोटाने दाखवून समजावलं होतं. रबर, काजळी, गंधक एकत्र मळायचं, त्यात दोऱ्यांचं कापड आणि तारेची कडी गुंफून कच्चा टायर उभा करायचा. तो मऊ आणि गुळगुळीत असतो, त्याला नक्षी नसते. मग तो साच्यात घालून वाफेवर शिजवायचा. गंधक रबराला धरतं आणि साचा उघडला की नक्षी, अक्षरं, आकडे सगळं उमटून आलेलं असतं. वेळ थोडा कमी पडला तर टायर कच्चा, जास्त झाला तर करपला. "भाकरीसारखंच," ते म्हणत, "फक्त ही भाकर फुटली तर माणूस मरतो."

म्हणून बाबा कुठलीही गाडी आधी खालून बघत. लग्नाच्या हॉलबाहेर एखादी झगझगीत गाडी उभी असली की सगळे रंग बघायचे, बाबा गुडघ्यावर बसून टायरच्या कडेची अक्षरं वाचायचे. ती सवय मला लागली. आजही नवी गाडी दिसली की मी आधी टायरवरचा चार आकड्यांचा शिक्का शोधतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे अमुक वर्षाच्या अमुक आठवड्यात कुणीतरी पाळीवर होतं आणि हा टायर त्याच्या हाताखालून गेला.

मामा कुर्ल्याला प्रीमियरच्या मोटार कारखान्यात होते, दारं बसवण्याच्या लाईनवर. बिजागरी, कुलूप, रबराची पट्टी बसवायची आणि दार लावून आवाज ऐकायचा. त्यांच्या मते पद्मिनीचं दार नीट बसलं असेल तर एकच आवाज येतो, बसलं नसेल तर दोन. मी लहानपणी हे सगळ्या टॅक्सीवाल्यांच्या गाड्यांवर करून बघितलं आहे आणि काही शिव्याही खाल्ल्या आहेत. मामांनी स्वतः गाडी कधी घेतली नाही. त्या काळात या गाडीसाठी, म्हणजे फियाटसाठी, नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबत, आणि तेवढे पैसे त्यांच्याकडे येणारही नव्हते. मुलीच्या लग्नात वरातीला भाड्याने पद्मिनी आणली होती, फुलांनी मढवलेली. मुलगी आत बसली, दार लागलं. मामांनी ते पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग परत एकदा. लोकांना वाटलं, पोरीला सोडवत नाही. मी शेजारी उभा होतो. ते आवाज ऐकत होते.

मला ही गाडी हवी वाटते ती एवढ्यासाठी.

आता एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. फियाट हे नाव म्हणजे इटालियन भाषेतल्या चार शब्दांची आद्याक्षरं, आणि शेवटचा टी म्हणजे तोरिनो, आपण ज्याला तुरीन म्हणतो ते शहर. सिएट हेही तसंच नाव आहे, त्या शहरातल्या तारा-केबलच्या कंपनीचं, आणि त्यातला टीसुद्धा तोरिनोच. एकाच इटालियन शहराची दोन नावं आमच्या एका रस्त्याच्या आसऱ्याला आली. फियाटची गाडी कुर्ल्यात बनू लागली, सिएटचा टायर भांडुपला. मामा आणि बाबा रविवारी जेवायला एकत्र बसत, तेव्हा एका ताटाशी दार आणि एका ताटाशी चाक बसलेलं असे.

तो रस्ता म्हणजे लाल बहादूर शास्त्री मार्ग. जुन्या माणसांच्या तोंडी अजून आग्रा रोडच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, कुर्ल्यातून मोटार बाहेर पडली. सुरुवात अमेरिकन बनावटीच्या गाड्या जुळवण्यापासून झाली, पुढे फियाटशी नातं जुळलं. १९६४ पासून फियाट मुंबईत टॅक्सी म्हणून धावू लागली, आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. इकडे भांडुपला टायर, एशियन पेंट्सचे रंग, बाजूला कितीतरी छोटी वर्कशॉपं. पाळी सुटली की मंगतराम पेट्रोल पंपापासून स्टेशनपर्यंत डबे हातात घेतलेल्या माणसांची रांग लागे. त्या रांगेतल्या फार थोड्यांकडे सायकलही होती. देशाला गाड्या पुरवणारा हा पट्टा घरी चालत जाई.

माझं म्हणणं असं आहे की गाड्यांवर एवढं प्रेम करणारे आपण लोक, पण आपल्या प्रेमात बनवणारा कुठेच नसतो. गाडी म्हटली की मालक, किंमत, मायलेज, वेग. चित्रकाराचं नाव नसलेलं चित्र आपण भिंतीवर लावत नाही. गाडी मात्र जणू शोरूममध्येच उगवते. महाराष्ट्रात तर हे व्हायलाच नको होतं. टाटा सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून आलं असं अनेकांना वाटतं, ते आहे सुमंत मुळगावकर या माणसाच्या नावा-आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगची पहिली अक्षरं, ज्याने टाटांची टेल्को उभी केली. नॅनो २००८ साली जगापुढे आली तेव्हा ती घडवणाऱ्या तुकडीचे प्रमुख गिरीश वाघ होते. आणि इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींचं नाव आज किती गाडीवेड्यांना माहीत आहे? फारसं शिक्षण नसलेल्या या माणसाने मीरा नावाची छोटी, सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी स्वतः तयार केली, तिच्यावर आयुष्याची वर्षं आणि पैसा घातला. ती बाजारात कधी आली नाही. गाडी विकत घ्यायची स्वप्नं सगळ्यांना पडतात, या माणसाला ती बनवायचं स्वप्न पडलं होतं. ड्रीम कारची यादी काढताना मीरा त्यात पहिली असावी असं मला वाटतं.

बनवणारा न दिसणं ही फक्त जुनी गोष्ट नाही. त्याच दसऱ्याला दुसऱ्या मजल्यावर एक पाहुणा आला होता, घरातल्यांचा पुतण्या. आयटीआय करून चाकणला एका गाडीच्या कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. खुर्च्यांच्या त्या गोलात तो तासभर बसला होता. प्रत्येकाला विचारलं गेलं, त्याला कुणी विचारलं नाही, कारण त्याच्याकडे गाडी नाही. नंतर जिन्यापाशी मी त्याला गाठलं. तो डॅशबोर्ड बसवणाऱ्या लाईनवर आहे. टॉर्क रेंचने बोल्ट आवळताना ठरलेल्या जोरावर आला की रेंच क्लिक करतं, आणि पाळी संपल्यावर बसमध्येही ते क्लिक कानात राहतं, असं तो म्हणाला. वायरिंगचा जुडगा आत सरकवताना मनगट कसं वळवायचं हे त्याने मला हवेत दाखवलं. अर्धा तास बोलला. खाली जी मुलं त्याच कंपनीच्या गाडीचे आकडे घोकत होती, त्यांना तिच्या आतली खबर देऊ शकणारा माणूस त्यांच्याशेजारी गप्प बसून चहा पीत होता. चाकणला, रांजणगावला, नाशकात, पिंपरीत असे हजारो आहेत. आपल्याच गावांतून गेलेले, आपल्याच आडनावांचे.

आता पद्मिनीकडे परत येतो, कारण तिची आठवण जपायला वेळ थोडा उरला आहे. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी या शहराच्या रस्त्यावर राहिली नाही. त्याआधी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने निदान एक तरी पद्मिनी जपून ठेवा अशी सरकारकडे मागणी केली होती. ती मान्य झाली नाही.

मी तीच मागणी पुन्हा करतो आणि तिला एक जोड देतो. गाडी कुर्ल्यातच ठेवा, जिथे ती बनली. आणि नुसती धुऊनपुसून चौथऱ्यावर ठेवू नका. एक बाजू कापून आतलं दाखवा, दार कुणी बसवलं, सीट कुणी शिवली, रंग कुणी मारला, टायर कुठून आला हे तिथे लिहा, आणि ज्यांनी ते केलं त्यांच्या आवाजात ते ऐकू येऊ द्या. यात अशक्य काही नाही. बेस्टने आणिक आगारात ट्रामच्या काळापासूनच्या वस्तू जपून संग्रहालय केलं आहे. अहिल्यानगरला लष्कराने रणगाड्यांचं संग्रहालय उभारलं आहे आणि शाळेच्या सहली तिथे जातात. खुद्द तुरीनमध्ये मोटारींचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. फियाटचा लिंगोत्तो कारखाना, ज्याच्या गच्चीवर गाड्या पळवून बघायचा ट्रॅक होता, १९८२ साली बंद पडला, पण त्यांनी इमारत पाडली नाही आणि ट्रॅकही राखला. एका टीने आपली आठवण ठेवली. दुसऱ्या टोकाला, आपल्याकडे, खूण म्हणून काय उरलं आहे?

दोन आक्षेप मला घरातच ऐकावे लागतात. मुलगी म्हणते, पद्मिनी चांगली गाडी नव्हतीच. साठच्या दशकातली इटालियन गाडी शतक संपेपर्यंत आपण बनवत राहिलो, कारण लोकांना दुसरं काही घ्यायला मिळत नव्हतं. ती बरोबर बोलते. परवाना राजने गिऱ्हाईकाला बांधून ठेवलं होतं आणि त्याचं कौतुक मला करायचं नाही. पण गाडी जुनी होती म्हणून दार बसवणाऱ्याचा हात जुना ठरत नाही. तेच यंत्र, तीच रचना घेऊन वर्षानुवर्षं दार एका आवाजात लावणं, हे कौशल्य त्या माणसांचं होतं.

दुसरा आक्षेप बायकोचा, आणि तो जास्त जड आहे. ती म्हणते, गाड्या आधीच फार झाल्यात, शास्त्री मार्गावर हल्ली संध्याकाळी पायी माणूस गाडीच्या आधी पोचतो. वर मेट्रो चारचे खांब, खाली दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या. २०२५ मध्ये राज्य सरकारने पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नवी गाडी नोंदवू नये असा विचार मांडला, तेव्हा आमच्या सोसायटीत दोन दिवस वाद चालला. मला तो विचार पटतो. १९ गाड्यांच्या स्टिल्टमध्ये विसावी येऊ नये असं मीही सभेत सांगितलं आहे, थार हव्या असलेल्या वहिनींच्या समोर. मी गाड्या वाढवा म्हणत नाही. ज्या बनल्या त्या कुणी बनवल्या एवढं जपा म्हणतो, आणि त्याला एका गाडीपुरती जागा लागते.

मामा गेले, बाबाही गेले. पण मामांबरोबर लाईनवर असलेले दोघे जण आहेत, एक विद्याविहारला, एक घाटकोपरला, दोघेही ऐंशीच्या पुढचे. विद्याविहारच्या काकांकडे जुना गेटपास अजून आहे. सरकार जागेल तेव्हा जागेल, मी येत्या रविवारी फोनमध्ये त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला जातो आहे. चौथ्या मजल्यावरचा मुलगा सोबत येतो म्हणाला. त्याने प्रश्न लिहून काढलेत, वहीचं एक पान भरलंय. पहिला प्रश्न आहे, दार लावताना दुसरा आवाज आला तर नेमकं काय सैल असायचं?