लक्ष्मीपुत्राची उमेदवारी

श्री ठाणेदार हे नाव मराठी मध्यमवर्गाला परके नाही. ‘ही श्रीची इच्छा’ हे त्यांचे आत्मचरित्र आपल्याकडे भरभरून वाचले गेले. विश्रांतवाडी-धानोरीच्या नव्या वसाहतींत, जेथील मुले परदेशी गेली आहेत, तेथे ते आदर्श म्हणून पुढे ठेवले जातात. १९५५ साली चिकोडीत जन्म, बेळगावात हलाखीचे बालपण, भाभा अणुसंशोधन केंद्रातील नोकरी, १९७९ मध्ये अमेरिकेस प्रयाण, तेथे रसायनशास्त्रातील डॉक्टरेट आणि १९९१ मध्ये कर्ज काढून विकत घेतलेली ‘केमिर’ ही प्रयोगशाळा. येथवरचे कर्तृत्व निःसंशय त्यांचे आहे व ते नाकारण्याचे आपणास कारण नाही.

उत्तरार्ध मात्र सहसा कोणी सांगत नाही. मंदीच्या तडाख्यात कर्जाखाली दबलेला त्यांचा उद्योग २०१० मध्ये बँकेने ताब्यात घेतला. कामगार घरी बसले; मालकाने अ‍ॅन आर्बर येथे नवी प्रयोगशाळा काढली आणि काही वर्षांत तिच्या विक्रीतून ते पुन्हा धनवान झाले. भांडवलशाहीत दुसरी संधी कोणाला मिळते, याचा याहून स्वच्छ पाठ शोधून सापडणार नाही.

या पैशाच्या बळावर ते २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरले. स्वतःच्या खिशातील सुमारे एक कोटी डॉलर खर्चूनही तिसरे आले. २०२० मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहात गेले आणि २०२२ मध्ये डेट्रॉईटमधून अमेरिकन काँग्रेसमध्ये. त्या वेळच्या प्राथमिक निवडणुकीत नऊ उमेदवार होते. तीस टक्क्यांहून कमी मतांवर ठाणेदार जिंकले. मोटार-कामगारांच्या त्या कृष्णवर्णीयबहुल शहराला १९५५ पासून प्रथमच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. ते परदेशातून आले हा आमचा आक्षेप नव्हे. मराठवाड्यातून येरवड्याच्या वस्त्यांत आलेल्यांना ‘बाहेरचे’ म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत आपण कधीच बसलो नाही. आक्षेप आहे तो थैलीला. उमेदवाराने स्वतःचा पैसा किती ओतावा यावर अमेरिकेत बंधनच नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये अशा खर्चास भाषणस्वातंत्र्याचे कवच दिले. आपल्याकडे मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवारास ९५ लक्षांची मर्यादा आहे, पण पक्षाच्या खर्चाला नाही. तेव्हा फार अभिमान बाळगू नये!

गंमत अशी की हेच ठाणेदार ‘डेमोक्रॅटिक सोशलिस्ट्स ऑफ अमेरिका’ या संघटनेचे सभासद होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पॅलेस्टाईनच्या प्रश्नावरून त्यांनी ते सभासदत्व सोडले. या प्रश्नावर मतभेद असू शकतात. परंतु ज्याची उमेदवारी स्वतःच्या तिजोरीवर उभी असते त्याला संघटना सोडताना फारसे काही गमवावे लागत नाही, हेही यातून दिसले.

याच्या शेजारी पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत यांना ठेवून पाहावे. त्याही स्थलांतरितच, मात्र उद्योजक नव्हेत. २०१३ मध्ये त्या सिएटलच्या नगर परिषदेवर समाजवादी म्हणून निवडून आल्या. सुमारे १ लाख १७ हजार डॉलरच्या वार्षिक वेतनातून त्या ४० हजार घेत आणि उरलेले चळवळीच्या निधीस देत. २०१४ मध्ये तासाला पंधरा डॉलर किमान वेतनाचा कायदा तेथे झाला. २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीने त्या शहराच्या निवडणुकीत सुमारे पंधरा लक्ष डॉलर ओतले, तरी सावंत निवडून आल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घालणारे सिएटल हे अमेरिकेतील पहिले शहर ठरले, तेही त्यांच्याच ठरावाने.

पुणे महापालिकेत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. कळस-विश्रांतवाडीत पोळीभाजीचा व्यवसाय करून घर चालवणारी, गाव सोडून आलेली एखादी भगिनी त्या जागेवर उभी राहू इच्छिते, तेव्हा बहुतेक पक्षांच्या मुलाखतीत तिला पहिला प्रश्न विचारला जातो: ‘खर्च किती कराल?’ आपल्या प्रभाग समित्यांनी हा प्रश्न विचारूच नये आणि आतापासूनच वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन वस्त्यांत निघावे.