शोपीस कशाला? फळी बदला!

तुमच्या ओळखीच्या जुन्या फोटो स्टुडिओत भात्याचा लाकडी कॅमेरा धूळ खात पडलाय? ‘लेन्स गेली’ म्हणून त्याला होमस्टेचा शोपीस करू नका. या लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यात लेन्स एका सुट्या चौकोनी फळीवर बसते. तोच लेन्सबोर्ड, आणि तो घरीही बनतो! खाचेचं माप घेऊन प्लायवूड कापा. कोपाल शून्य नंबरच्या शटरला ३४.६ मिलिमीटरचं भोक लागतं, एक नंबरला ४१.६. मागून मॅट काळा रंग द्या. कडांना वॉर्निश हवंच, आपल्या दमट हवेत प्लाय फुगतं. अंधारात टॉर्च मारून उजेड गळतो का बघा. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी घडवणारे कारागीर असताना बोर्ड परदेशातून कशाला मागवायचा? हात आपले, लाकूड आपलं. मग फोटोही आपलाच निघू दे की!