तेलातुपाचा वाद

मार्गशीर्ष लागला की आमच्या घरी अंगास काय लावावे याचा वाद सुरू होतो. यंदा तो विशेष पेटला. कारण घरात चार महिन्यांची पुतणी आहे आणि थंडीने तिचे गाल उलू लागले आहेत. मातोश्रींची भिस्त खोबरेलावर, भावजयबाईंची परदेशाहून आलेल्या ऑलिव्ह तेलावर. बंधुराजांना मात्र सर्व दुखण्यांवर व्हॅसलीन हेच रामबाण वाटते. निवाडा आमच्याकडे आला.

कोरड्या त्वचेस खरी उणीव असते ती पाण्याची. स्निग्ध पदार्थ आतले पाणी अडवितो व खरखरीतपणा मऊ करितो. अडविण्याच्या कामी व्हॅसलीनची बरोबरी क्वचितच कोणी करील. अमेरिकेत खनिज तेलाच्या विहिरींतील दांड्यांवर साचणाऱ्या मेणापासून चेसब्रो या रसायनज्ञाने ते काढिले व 1872 साली त्याचे पेटंट घेतले. ही जन्मकथा ऐकून मातोश्रींनी नाक मुरडले!

ऑलिव्ह तेलाविषयी मात्र आम्हांस स्पष्ट बोलावे लागले. इंग्लंडात 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रौढांच्या हातांवर ते काही आठवडे लाविले असता त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे झाले. सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. दोष बहुधा त्यातील विपुल ओलेइक आम्लाचा. तान्ह्या मुलास ते लावू नये, हेच बरे. उलट फिलिपीन्समध्ये इसब झालेल्या मुलांवर शुद्ध खोबरेल खनिज तेलाहून सरस ठरल्याचे 2014 साली प्रसिद्ध झाले. मातोश्री विजयी मुद्रेने हसल्या.

या वादात कोकमतेलाचे नाव कोणीच घेतले नाही, याचे आम्हांस नवल वाटले. कोकणात कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळितात. वर तरंगणारे तेल काढून त्याचे गोळे वळितात. चाळीस अंशांच्या आसपास वितळत असल्याने ते नुसते चोळून पसरत नाही. सोसवेल इतके कोमट करून रात्री टाचांच्या भेगांत भरावे व वर मोजे घालावे. खोबरेल चोवीस अंशांवरच पातळ होते, म्हणून ते भेगांत टिकत नाही.

निवाडा असा झाला: बाळास स्नान घातल्यावर अंग न घासता टिपून घ्यावे, ओल असतानाच खोबरेलाचा पातळ हात फिरवावा आणि गालांस व्हॅसलीनचे बोट लावावे. त्वचा लाल होऊन पाझरू लागली तर घरगुती उपाय थांबवून वैद्यास दाखवावे. ऑलिव्हची बाटली भावजयबाईंनी आपण होऊनच स्वयंपाकघरात नेली. कोकमतेलाचा गोळा मातोश्रींनी, कोणास न सांगता, आपल्या उशाशी ठेविला आहे.